वानखेडेकाकांची अकरा मिनिटं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. आईला तर नाहीच — तिला सांगायचं तर आधी कॉम्प्युटर म्हणजे काय ते सांगावं लागेल, आणि तिथवर पोचेपर्यंत माझा धीर संपेल. लेलेसरांना सांगायला हवं होतं, त्यांनाही नाही सांगितलं. आणि सगळ्यांच्या आधी ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना — थांबा जरा. मला एकदम तिथे जाता येत नाही. थोडं फिरून येते.

माझं शिक्षण आठवीपर्यंत. आठवी पास नव्हे, आठवीपर्यंत. हा फरक दुसऱ्यांच्या लक्षातही येत नाही, मला मात्र अजून टोचतो. आमचं गाव भंडाऱ्याकडचं. भाऊ पुण्यात खराडीला सेंट्रिंगच्या कामावर होता. तेव्हा तिथे शेतांमध्ये काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, कॉम्प्युटरवाल्यांसाठी. त्याच्या भाकरी थापायला म्हणून मी पुण्याला आले. दीड वर्षानं त्याचा ठेकेदार त्याला सुरतेला घेऊन गेला आणि मी मागे राहिले. का राहिले? परत जाऊन काय करणार होते? गावाकडे माझी वाट बघणारं एकच काम होतं, आणि ते म्हणजे लग्न.

नारायण पेठेत लेलेसरांचं दुकान होतं. लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या जुन्या कॅसेटी सीडीवर करून द्यायचे. मी झाडलोट करायला आणि माळ्यावरून कॅसेटी काढून द्यायला लागले. काम झालं की ऑपरेटरच्या मागे उभी राहून बघायची. हा ऑपरेटर एक दिवस कॉल सेंटरला लागला, न सांगता. सर दोन दिवस स्वतःच मशीनवर बसले, चिडचिड करत. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे न बघताच म्हणाले, "रोज मान वाकडी करून बघतेस. मानेचं दुखणं झालं तर मला भरून द्यावं लागेल. त्यापेक्षा खुर्चीत बस आणि सरळ बघ."

त्यांचं प्रेम असंच असायचं. पण तुम्हाला खरं सांगते, त्या एका वाक्यानं मी आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीत बसले. चाकांची खुर्ची. गावाकडे फोन केला तेव्हा आईला पहिलं तेच सांगितलं — आई, खुर्ची आहे. सरांनी शिकवलं, रागावले, पुन्हा शिकवलं. इंग्रजी अक्षरं मला जेमतेम लागायची, तर त्यांनी बटणांचा क्रम मराठीत लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवला. ह्या माणसाचे उपकार मी कधी फेडू शकेन असं मला वाटत नव्हतं. आणि म्हणूनच — हे लक्षात ठेवा, सबब म्हणून नाही, नुसतं लक्षात ठेवा — म्हणूनच मला त्यांची भीती वाटायची. ते मारतील-झोडतील अशी नाही. ते एक दिवस शांतपणे म्हणतील, "ऊठ", अशी.

सरांचे नियम दोन. पहिला, मशीनमध्ये बाहेरचं, फुकटातलं काहीही घालायचं नाही. दुसरा, सीडी गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी आपल्याच कॉम्प्युटरवर लावून दाखवायची आणि वहीत सही घ्यायची — "पाहिले, बरोबर आहे." सर म्हणायचे, सही असली की भांडण दाराबाहेर होतं.

ह्या दुसऱ्या नियमात काय खोट होती, ते तेव्हा आम्हा दोघांनाही कळलं नाही. ज्या मशीनवर सीडी बनवली त्याच्यावरच लावून बघायची. ती तिथे चालणारच. प्रश्न तिथे चालते का हा नव्हताच.

वानखेडेकाका आले तेव्हा पावसाळा नुकताच संपला होता. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, कर्वेनगरला एका सोसायटीत एकटे राहायचे. खिशातून रुमालात गुंडाळलेली एक छोटी कॅसेट त्यांनी काढली — जुन्या कॅमेऱ्यातली, हाताच्या तळव्यात मावणारी. मी "द्या काका" म्हणाले तसे ते माझ्याकडे बघत राहिले.

"कोठची आहेस वं तू?"

भाऊ गेल्यापासून पुण्यात मला कुणी "वं" म्हणालं नव्हतं. मी गावाचं नाव सांगितलं, आडनावही सांगितलं. ते भंडारा जिल्ह्यातलेच निघाले, आमच्यापासून तीन गावं पलीकडचे. "अवं मंग जय भीम तरी कर!" म्हणाले आणि हसले. मी जय भीम केला. सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "झालं. आता हिचं आजचं काम झालं." पण बोलू दिलं आम्हाला.

कॅसेट कशाची होती ते काकांनी त्या दिवशी उभ्या उभ्याच सांगितलं. त्यांची मुलगी प्रज्ञा. जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. हातानं बोलायची. काकांची बदली तेव्हा कोकणात झालेली, आणि मुलगी आणि बायको इकडे पुण्यात. फोनचा तर उपयोग नाही — टेलिफोन खात्यातला माणूस आणि मुलीशी फोनवर बोलता येत नाही, हे सांगताना ते स्वतःच हसले. तर बायकोनं शेजाऱ्यांचा कॅमेरा मागून आणला आणि प्रज्ञाला समोर बसवून म्हणाली, बाबांना काय सांगायचं ते सांग. ते चित्र घेतलं, आणि महिन्याभरात मुलगी काविळीनं गेली. बावीस वर्षांची. काका आले ते तिच्या मातीलाच. कॅसेट बायकोनं लोखंडी कपाटात ठेवली, उघडू दिली नाही. बायको गेल्यावर कपाट उघडलं, तेव्हा ती सापडली.

म्हणजे समजलं ना तुम्हाला? मुलीनं त्यांना काय सांगितलं होतं, ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. ते पाहता यावं म्हणून त्यांनी एक जुना कॉम्प्युटर विकत घेतला होता. निवृत्त माणसानं, दुसऱ्या कशासाठीही नाही.

कॅसेटला बुरशी लागली होती. पांढरी, कडेनं. पुण्यातल्या दमट पावसाळ्यात कपाटात राहिली की लागते. सर उजेडात धरून म्हणाले, "ही एकदा चालेल. दुसऱ्यांदा चालायची खात्री नाही. पटत असेल तर द्या." काकांनी दिली.

ती एकदाच चालली. मी पुसून, फिरवून, श्वास रोखून ती चालवली आणि चित्र कॉम्प्युटरमध्ये घेतलं. सगळं आलं. अकरा मिनिटं. पलंगावर बसलेली एक सावळी मुलगी, दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या, मागे कॅलेंडर. कॅमेऱ्यामागून आईचा आवाज — "हं, सांग, बाबांले सांग." आणि मग ती हातांनी सांगत राहते. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, तरी मी पडद्यावरून नजर काढू शकले नाही. मधेच ती हसायची, मधेच आईला हातानंच गप्प बसवायची. एक खूण तिनं तीनदा केली — छातीवरून बोटं पुढे नेऊन मूठ मिटायची. शेवटी शेवटी कॅसेटची फीत मशीनमध्ये अडकली आणि चोळामोळा होऊन बाहेर आली. पण अकरा मिनिटं आत आली होती. मी जागच्या जागी हात जोडले.

आता जिथे चुकलं तिथे येते. म्हणजे पहिली चूक. ही अजून पाप नव्हती.

आमच्याकडे सगळं व्हीसीडीच्या पद्धतीनं व्हायचं. ती सीडी कुठेही चालायची, टीव्हीखालच्या प्लेयरवर, कुणाच्याही कॉम्प्युटरवर. पण चित्र धूसर. माणूस स्थिर असेल तोवर ठीक. हलायला लागला की त्याच्या चौकटी चौकटी व्हायच्या. वरातीत नाचणाऱ्यांचे हातपाय विरघळल्यासारखे दिसायचे, आणि लोकांची त्याला हरकत नसायची. वरातीत कुणाची बोटं कोण मोजतो? पण प्रज्ञाची व्हीसीडी करून बघितली तर तिची बोटंच दिसेनात. हात वर गेला की नुसता ठोकळा. तिची सगळी भाषा बोटांत होती, आणि मशीन नेमकी तीच खात होतं.

मूळ फाईल तशीच द्यावी, तर ती एका सीडीत मावेना. मग मी काय केलं? गिऱ्हाइकानं विसरलेलं कॉम्प्युटरचं एक मासिक होतं, त्याला फुकटची सीडी चिकटवलेली. तिच्यातल्या एका गोष्टीनं चित्र लहान होतं आणि तरी स्वच्छ राहतं, असं आधीच्या ऑपरेटरच्या तोंडून ऐकलं होतं. सर जेवायला गेले असताना मी ती घातली. त्याला कोडेक म्हणतात, हे नावही मला तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. फाईल झाली. लावून बघितली तर बोटन् बोट दिसत होतं, नखं दिसत होती. मला किती आनंद झाला सांगू! वाटलं, माझ्या गावाकडच्या माणसासाठी मी काहीतरी चांगलं केलं.

काका सीडी न्यायला आले. मी ती कॉम्प्युटरमध्ये घातली, म्हटलं बघा. त्यांनी पडद्याकडे पाठ फिरवली. "येथं नको," म्हणाले. "लोकं आहेत. घरी बघीन, मी आन् ती." आणि न बघता वहीत सही केली — पाहिले, बरोबर आहे. मी करू दिली.

आठवड्याभरानं दुकानाच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला. तीन गिऱ्हाइकांची कामं गेली. दुरुस्तीवाला सगळं पुसून नव्यानं भरून गेला, प्रज्ञाची मूळ फाईलही त्यातच गेली. सरांनी विचारलं, "कुणी काही घातलं होतं का ह्यात?" कुणी म्हणजे कोण, दुकानात दोघंच होतो आम्ही. मी म्हणाले, नाही सर. व्हायरस त्या मासिकाच्याच सीडीतून आला की कसा, मला आजही माहीत नाही. मला तेव्हा वाटलं, तिच्यातूनच आला. सीडी घरी नेऊन पेटीत तळाशी टाकली.

आणि दोन दिवसांनी वानखेडेकाका दारात. हातात तीच सीडी.

"पोरी, आवाज येते. पण चित्र काळं आहे."

मी ती लावली. माझ्या मशीनवरही काळं. आईचा आवाज — "बाबांले सांग" — आणि मग पंख्याची घरघर, आणि बांगड्या. हात हलले की वाजणाऱ्या बांगड्या. चित्र नाही. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली, मला वाचता आली नाही, मी घाईनं ती बंद केली. ती ओळ काय सांगत होती ते मला पुढे कळलं. चित्र उघडायला लागणारी वस्तू ह्या मशीनमध्ये नाही, एवढंच ती सांगत होती.

मला तेव्हा एवढं नक्की ठाऊक होतं की मी ते चित्र डोळ्यांनी पाहिलंय. त्या मासिकाच्या सीडीचा ह्यात कुठेतरी संबंध आहे, हेही पोटात कळत होतं. सर पाठीमागे उभे होते. मी म्हणाले —

आता सांगते. मी म्हणाले, "काका, कॅसेटच खराब होती. बुरशीनं चित्र खाल्लं. आवाज तेवढा वाचला."

काकांनी विचारलं, "तू चालवली तेव्हा काही दिसलं होतं काय? थोडंसं?"

मी म्हणाले, "नाही काका. तेव्हाही काळंच होतं."

हे मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले. मान खाली घालून म्हणाले असते तर कदाचित त्यांना कळलं असतं. मला त्यांना कळू द्यायचं नव्हतं.

"आवाजाचं काय करू मी?" ते म्हणाले. मला नाही, कुणालाच नाही. "ती बोलतच नव्हती."

सरांनी वही पुढे सरकवली. ते दुष्ट नव्हते, त्यांना काहीच माहीत नव्हतं. म्हणाले, "अहो, पण आपण पाहिलं म्हणून सही केली आहे." काकांनी आपलीच सही वाचली. आणि मान हलवली. "बरोबर आहे. चूक माझी. मी पाह्यलं नाही." जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला — "तू काहून रडतेस? तुझी काय चूक?" सर म्हणाले, "जा गं, तोंड धुऊन ये. मशीन ओलं होईल."

मी तोंड धुतलं आणि कामाला लागले.

तुम्ही म्हणाल, तेव्हा तुला तरी कुठे ठाऊक होतं? घाबरलीस, खोटं बोललीस, झालं. इथवरचं असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

सात-आठ महिन्यांनी खराडीच्या एका कंपनीतला इंजिनिअर दुकानात आला, बहिणीच्या लग्नाच्या कॅसेटी घेऊन. भला माणूस, सारखा बोलायचा. त्याच्या पेनड्राइव्हवरचा एक व्हिडिओ आमच्याकडे लागेना — आवाज येई, चित्र काळं. मी म्हणाले, चित्र गेलंय का ह्यातलं? तो हसला. म्हणाला, "गेलं कुठे? आतच आहे. हे बघा ताई, फाईल म्हणजे मेसचा डबा. बाहेरून सगळे सारखेच. आवाजाचा कप्पा वेगळा, चित्राचा वेगळा. चित्र कुठल्या पद्धतीनं दाबून भरलंय ते डब्यावरून कळत नाही. ज्या पद्धतीनं भरलं तो कोडेक मशीनमध्ये असला तर ते उघडतं, नसला तर कप्पा बंद. पण भाजी आतच असते हो, कुणी खाल्लेली नसते." मग त्यानं काहीतरी घातलं आणि दोन मिनिटांत चित्र दिसायला लागलं.

कुणी खाल्लेली नसते. आणि मी म्हणाले होते, बुरशीनं खाल्लं.

तरी मी खात्री करून घेतली. पेटीतून मासिकाची सीडी काढली. मशीन पुसलं जायच्या आधी मी त्याच पद्धतीनं एका मुंजीचा तुकडा करून बघितला होता, तो एका वाया गेलेल्या सीडीवर होता. दुकानात लावला तर काळा. मासिकातलं घातलं आणि पुन्हा लावला. मुंजीतला मुलगा लाडू खात होता. स्वच्छ. मी पटकन सगळं काढून टाकलं आणि बसून राहिले. म्हणजे काकांच्या घरी, त्यांच्या टेबलावर, त्या सीडीत प्रज्ञा होती. पहिल्यापासून होती. सगळी बोटं, सगळ्या बांगड्या. ते रोज तिच्या दारापर्यंत जात होते आणि दार बंद आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं. मी त्यांना आत कुणी नाही असं सांगितलं होतं.

रविवारी मी कर्वेनगरची बस धरली. मासिकाची सीडी पर्समध्ये होती. वाटेत ठरवलं — सगळं सांगायचं. मग डेक्कनला ठरवलं — सगळं नको, "नवीन सॉफ्टवेअर आलंय, बघू या का" एवढंच म्हणायचं. खोट्यावर खोटं, पण चित्र तर दिसेल. किती सोपं होतं, बघा. मला खरं बोलायचीही गरज नव्हती.

काका जिन्यातच भेटले. त्यांना इतका आनंद झाला की शेजारच्या बाईंना हाक मारून बोलावलं. "ही पाहा, आमच्याकडची पोरगी. हिनंच आवाज वाचवला. नाहीतर तेही नसतं राह्यलं." त्या बाई माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या. काकांनी चहा केला, स्वतः. साखर जास्त. मग म्हणाले, ऐकतेस? आणि कॉम्प्युटर लावला.

खोलीत एकच खुर्ची होती, ती मला दिली. ते पलंगावर बसले. पडदा काळा. "हं, सांग, बाबांले सांग." पंखा. बांगड्या. ते डोळे मिटून ऐकत होते. सात-आठ महिने रोज ऐकून त्यांना बांगड्यांवरून अंदाज लागायला लागला होता — "आता जोरानं सांगून रायली. आता आईवर चिडली. हे पाहा, आता थांबली." आणि बरोबर सांगत होते. मी पाहिलं होतं, मला ठाऊक होतं. ते चिडली म्हणाले तेव्हा ती खरंच आईला गप्प बसवत होती. एके ठिकाणी म्हणाले, "हे मात्र कळत नाही. तीन वेळा येते. एकच वाजते, मंग बंद." ती खूण होती. छातीवरून बोटं पुढे, आणि मूठ. माझ्या हातांना येत होती. मी करून दाखवली असती तर त्यांनी त्या क्षणी तिचा अर्थ सांगितला असता.

पर्स माझ्या मांडीवर होती. चेन अर्धी उघडलेलीही होती.

मी चहा प्यायले. कप विसळून ठेवला. येते काका म्हणाले.

कशाची भीती होती? काका रागावतील? ते रागावले नसते, मला वाटतं. ते रडले असते, हसले असते, दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन दुकानात आले असते, आणि सरांना सगळं सांगितलं असतं — नवीन सॉफ्टवेअर काय आलंय म्हणे. आणि सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं असतं. त्यांना एका क्षणात कळलं असतं. व्हायरस, तीन गिऱ्हाइकं, फुकटाची सीडी, "नाही सर". आणि शेजारणीसमोर आवाज वाचवणारी पोरगी म्हणून उभं राहणं — तेही मला आवडलं होतं. हे लिहायला सर्वांत जड जातंय, पण आवडलं होतं. एका बाजूला खुर्ची आणि हे कौतुक, दुसऱ्या बाजूला त्या माणसाची मुलगी. मी खुर्ची ठेवली.

त्यानंतर दोन वर्षं काका बुद्धपौर्णिमेला डब्यात खीर घेऊन दुकानात यायचे. एक डबा सरांना, एक मला. सर म्हणायचे, "चारोळी कमी आहे," आणि सगळी खायचे. मी पण खायची. दर वेळी वाटायचं, ह्या वर्षी सांगू.

तिसऱ्या वर्षी काका आले नाहीत. त्यांचा पुतण्या आला, नागपूरचा, पंचविशीतला. काका गेले म्हणाला, महिना झाला. झोपेतच. घर रिकामं करत होता. पाकिटावर आमच्या दुकानाचा शिक्का दिसला म्हणून सीडी घेऊन आला होता.

"काका रोज हे काळं लावून बसायचे," तो म्हणाला. "आम्हाला वाटायचं, डोक्यावर परिणाम झाला. म्हणून विचारायला आलो. ह्यात काही आहे का? असलं तर ठेवतो. नाहीतर भंगारात जाईल."

सर वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "बघ गं. तुझंच काम होतं ते."

सीडी माझ्या हातात होती. झिजली होती, पण चालली असती. मला तोवर सगळं येत होतं. सरांनी एव्हाना स्वतःच सगळे कोडेक मशीनमध्ये भरून घेतले होते, बाहेरचं न घालण्याचा तो नियम राहिलाच नव्हता. नुसती घातली असती तरी चित्र दिसलं असतं. काका गेले होते. आता कुणाला दुखवायचं नव्हतं, आणि मला कुणी काढूनही टाकणार नव्हतं. पुतण्यानं एकदा बघितली असती, गावाकडे नेऊन प्रज्ञाच्या मावशीला, आत्याला दाखवली असती. ती भाषा समजणारं कुणीतरी घरात असेलच.

मी सीडी यंत्रात घातली नाही. म्हणाले, "काही नाही हो ह्यात."

"खात्रीनं?"

"मीच केली होती. काही नाही."

त्यानं मान हलवली. सीडी तशीच टाकू नये, कुणी काही भलतं करतं, असं म्हणून त्यानं ती दोन्ही हातांनी वाकवली. एकदम नाही मोडली, पुन्हा वाकवावी लागली. तुकडे माझ्या हातात देऊन म्हणाला, "ताई, तुमच्या कचऱ्याच्या डब्यात टाका." आणि थँक्यू म्हणून गेला.

मी ते तुकडे डब्यात टाकले. सरांनी विचारलं, पुढचं काम कुणाचं. मी वही उघडून नाव वाचलं आणि पुढची कॅसेट मशीनमध्ये घातली.